बाळ्यास पत्र: कधी पिवळी, कधी हिरवी

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या ८५ मिलिमीटरच्या लेन्सची काच सुखरूप आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं पत्र तू शांतपणे वाचशील.

आमची पुतणी आता कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे. गेल्या महिन्यात तिच्या मॅचेस सुरू झाल्या, पेठेतल्या एका हॉलमध्ये. हॉलचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या दिव्यांबद्दल बरंच वाईट लिहायचंय. छताला आठ दिवे, त्यातले दोन गेलेले, खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी. आपल्याला आत शिरल्यावर लख्ख वाटतं रे, पण डोळे समजूतदार असतात, कॅमेरा नसतो. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यासोबत आलेलीच लेन्स लावली होती. झूम केलं की ती एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). शटर १/१२५ सेकंदाला आणलं तर पोरींचे चेहरे बरे, हात म्हणजे नुसता धूर. वैतागून फ्लॅश उडवला आणि पंचांनी शिट्टी मारली ती माझ्यासाठी! सगळा हॉल माझ्याकडे बघतोय आणि पुतणी खाली मान घालून बुटाची नाडी बांधतेय. बांधलेलीच होती ती.

म्हणून तुझी लेन्स मागून घेतली. ५.६ वरून १.८ म्हणजे जवळजवळ दसपट उजेड. शटर १/५००, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ३२००, सगळं मॅन्युअल. ऑटोवर ठेवलं तर पांढऱ्या जर्सीचा संघ समोर आला की फोटो काळवंडतो, काळ्या जर्सीला पांढराफटक. एवढ्या आयएसओला फोटोत दाणे येतात, येऊ देत. हललेला फोटो कुणालाच दुरुस्त करता येत नाही. मात्र १.८ ला माझ्या कॅमेऱ्यात सहा मीटरवर जेमतेम फूटभर पट्टा स्पष्ट येतो. पहिल्या शंभरात पुतणीच्या वेणीवरचा रबर सुरेख आलाय, चेहरा पुसट.

आणि रंग! घरी येऊन बघतो तर एक फोटो पिवळा, पुढचा हिरवट, तिसरा वर उजळ नि खाली तपकिरी. तिन्ही एकाच सेकंदातले. मला वाटलं, तुझी लेन्स बिघडवली. दोन दिवस तुला फोन केला नाही तो त्यामुळे.

कोडं सुटलं ते तापकीर गल्लीत. ट्यूब घ्यायला गेलो होतो, सहज फोटो दाखवले. दुकानदार हसला, म्हणाला, ‘‘साहेब, आपली वीज पन्नास हर्ट्झची. असले दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात, डोळ्याला कळत नाही.’’ एका झटक्यात डोक्यात उजेड पडला. १/१०० ला शटर उघडं राहिलं तर एक पूर्ण हेलकावा आत येतो, सगळे फोटो सारखे. १/५०० ला त्याचा पाचवा हिस्सा येतो, जो सापडेल तो. कधी शिखर, कधी दरी. आणि दिव्याचा रंगही त्याबरोबर बदलतो. शटरची फट फोटोवरून सरकत जाते, तेवढ्यात दिवा मंदावला की अर्धा फोटो तपकिरी. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘अँटी-फ्लिकर’ नावाची सोय निघाली. वर्षभर तिथेच होती! ती लावली की कॅमेरा प्रखर क्षणाची वाट बघून क्लिक करतो. सलग फोटो थोडे मंदावतात, पण रंग एकसारखे.

आता मी बास्केटमागे कोपऱ्यात मांडी घालून बसतो, रेषेपासून लांब. गुडघे बोलतात, पण खालून दहा फुटांवरची रिंग आणि तिच्याकडे वर लागलेले डोळे एकाच चौकटीत येतात. आणि उडीचं एक गुपित सापडलं. लहानपणी कैरीला दगड मारायचो, तो वर पोचला की क्षणभर थबकायचा ना, तशीच पोरगीही थबकते. त्या क्षणी १/२५० सुद्धा पुरतं, आयएसओ निम्म्यावर येतो. फक्त बोट आधी दाबायला लागतं. डोळ्याला दिसेपर्यंत थांबलास तर ती खाली आलेली असते.

एवढं सगळं करून तीनशेतले अकरा फोटो चांगले आले. पुतणीने व्हॉट्सॲपला कुठला लावला विचार. पहिल्या दिवसाचा, हातांचा धूर झालेला. ‘‘काका, यात मी फास्ट वाटते.’’

शनिवारी पुन्हा मॅच आहे, तेव्हा लेन्स आणखी आठवडाभर इथेच. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना

ता. क. लेन्सचं झाकण त्या हॉलमध्ये कुठेतरी पडलं. बाकांखाली दोनदा वाकून बघितलं. नवीन घेऊन देतो.