यंदा लावणीला का येत नाही

बेळगाव, आषाढ

ती. बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, म्हणजे जांबोटीकडे तर विचारायलाच नको. बाबा, ऐन लावणीत मी लॅब सोडून का येत नाही, हे तुम्ही विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आम्ही काचेवर पेरोव्स्काइट नावाच्या, शिसं असलेल्या पदार्थाचा थर देतो. ऊन पडलं की तो वीज देतो. जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. 2009 साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने असे सेल, म्हणजे उन्हावर वीज देणाऱ्या काचा, केले, तेव्हा उन्हातली 3.8 टक्केच ऊर्जा विजेत उतरली होती. आज चांगल्या लॅबमध्ये 25 टक्क्यांच्या पुढे मजल गेली आहे. पण असे सेल बहुतेक नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत होतात, आणि ती पेटी घेणंही महाग, सांभाळणंही महाग. उघड्या हवेत थर जमला तर आपल्या तालुक्यातल्या एखाद्या शेडमध्येही हे काम होईल. माझा जीव त्यातच अडकलाय.

अडचण ओलीची. काचेवर द्रावण टाकून ती गरगर फिरवली की स्फटिक धरू लागतात. हवा दमट असली की ते वेडेवाकडे धरतात, मधे बारीक भोकं राहतात, आणि चकचकीत काळपट दिसायचा थर दुधाळ होतो. असली काच हातात आली की फार वाईट वाटतं. म्हणून द्रावणात थोडं दुसरं रसायन घालतो. थायोयुरिया शिशाला धरून ठेवतं, स्फटिक सावकाश वाढतात. आई, खडीसाखरेचा पाक हळूहळू निवला तरच खडे मोठे होतात ना, तसंच. मिथाइलअमोनियम क्लोराइडनेही दाणे मोठे होतात, आणि 100 अंशांच्या पुढे तापवलं की त्यातलं बरंचसं उडून जातं. दाणे मोठे झाले की सांधे कमी होतात. त्या सांध्यांत वीज वाया जाते.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत चांगला आलेला थर मी धरत नाही. आषाढात जमला तरच तो खरा. हे दिवस सोडून म्हणूनच निघवत नाही.

आई, शिशाची तुझी काळजी रास्त आहे. आमचा डीएमएसओ नावाचा द्रावक कातडीतून आत शिरतो आणि विरघळलेलं सोबत नेऊ शकतो. त्यामुळे थेंब उडाला की मी हातमोजे लगेच बदलते. उरलेलं द्रावण वेगळ्या बाटलीत जातं, मोरीत कधीच नाही.

बाबा, पंपासाठी सोलर घ्यायचं तर सिलिकॉनच्याच प्लेटा घ्या, आमच्या काचेची वाट बघू नका. त्या साधारण 25 वर्षं चालतात. आमचा थर अजून ओलाव्याने आणि उन्हाने त्याच्या कितीतरी आधी खराब होतो.

लावणीला यंदा दोन बायका जास्त सांगा, मजुरी मी पाठवते. आणि बाबा, पट्टा बांधल्याशिवाय चिखलात वाकू नका. गणपतीला मी येतेच.

तुमची लेक