सर्दी-खोकल्यात आधी श्वास मोजा

महोदय,

तीस वर्षे उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. निवृत्त झाले तरी गल्लीतली माणसे आजही आधी माझ्याच दारात येतात. गेल्या आठवड्यात एक आजी तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. नाक वाहत होते, अंग कोमट, पण पोरगा कोंबड्यांमागे पळत होता. आजींच्या पदरात खोकल्याची बाटली आणि कात्रीने कापलेली अँटिबायोटिकची दोन गोळ्यांची पट्टी. एक्स्पायरीची तारीख दुकानातल्या तुकड्यावरच राहिलेली. चिठ्ठी नाही, "अर्धी-अर्धी द्या" एवढेच सांगितलेले.

मुलाला मांडीवर शांत बसवून मी सदरा वर केला आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. तीस भरले. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त भरले, किंवा श्वासासरशी छाती खालून आत ओढली गेली, तर न्यूमोनिया समजायचा. तिथे अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकला एक दिवसही उशीर नको. साधी सर्दी मात्र विषाणूंची. तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. उलट जंतू औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

खोकल्याच्या बाटलीची तर मला धडकीच भरते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरे विषारी सिरपने गेली. त्यातली काही उपचारांसाठी आमच्या नागपुरातच आणली होती.

श्वास मोजायला मोठे शिक्षण लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या दायांनाही ते शिकवले, न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्यातून घटले आणि ते काम १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मग आज आरोग्य केंद्रात केसपेपरवर ताप लिहिला जातो, श्वासाचा आकडा का नाही? रांग मोठी असते, डॉक्टर एकटे असतात आणि "बाई, सुई तरी लावून द्या न" म्हणणारेही असतात, हे मी रोज पाहिले आहे. म्हणूनच रांगेतच सिस्टरने श्वास मोजून आकडा लिहावा आणि तो पाहूनच डॉक्टरांनी औषध ठरवावे. आरोग्य विभागाने केसपेपरवर तेवढा एक रकाना छापावा, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, आर्वी (जि. वर्धा)