नॅचेझच्या बाजारातून

ह्यूस्टन,
रविवार

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, सुट्टी काढून त्या नॅचेझला काय बघायला गेला होतास? मी ‘जुनं कापसाचं गाव आहे’ एवढंच बोलून विषय बदलला. पोरं आजूबाजूला होती, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंही. तुझं अर्धं आयुष्य खामगावच्या बाजारात गेलं, वडिलांची अडत तू अजून चालवतोस, म्हणून तुलाच लिहितो. इथल्या माझ्या ऑफिसातल्यांना गुलामगिरी शाळेत शिकवलेली आहे, पण कापसाचा धंदा कशाशी खातात ते माहीत नाही. आणि धंदा कळल्याशिवाय या गावाची गोम कळत नाही, असं माझं मत झालंय.

गाव अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, त्याच नावाच्या नदीच्या काठी, दोनशेक फूट उंच दरडीवर. फ्रेंचांनी १७१६ मध्ये किल्ला बांधला, मग इंग्रज आले, मग स्पॅनिश, आणि १७९८ मध्ये अमेरिकेचा अंमल आला. आधी इथे तंबाखू आणि नीळ पिकायची. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र, म्हणजे जिन, निघालं, आणि १७९५ मध्ये तसंच एक यंत्र या भागात डॅनियल क्लार्कच्या मळ्यावर उभं राहिलं. ते बार्कले नावाच्या गुलाम कारागिराने बांधलं असं सांगतात. त्यानंतर तंबाखू, नीळ सगळं मागे पडलं. जिकडेतिकडे कापसाची पऱ्हाटी.

दरडीखाली धक्का. ओहायो, केंटकीचे शेतकरी सपाट तळाच्या लाकडी नावांतून पीठ, डुकराचं मांस, व्हिस्की घेऊन खाली यायचे. प्रवाहाविरुद्ध परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून माल विकला की नावही फोडून लाकूड म्हणून विकायचे आणि नॅशव्हिलपर्यंत ४४० मैल जंगलातून पायी. वाटेत लुटारू टपलेले. पैसा धक्क्यावरच उडवून गेलेले जास्त सुखी असावेत! १८११ च्या हिवाळ्यात पहिली आगबोट आली आणि पुढच्या काही वर्षांत उलट्या दिशेचा व्यापारही सुरू झाला. धक्क्यावर गाठींच्या थप्प्या लागू लागल्या. आपली गाठ १७० किलोची, त्यांची साधारण ४०० पौंडांची; म्हणजे फरक नाहीच म्हण. गाठी न्यू ऑर्लिन्सला, तिथून लिव्हरपूलला.

दरडीवर मळेवाल्यांचे वाडे आहेत, पांढऱ्या खांबांचे. बायका घेरदार झगे घालून वाडे दाखवतात, झुंबर कुठून आणलं, संगमरवर कुठला ते सांगतात. ते सगळं मी भराभर उरकलं. एक मात्र लक्षात राहिला, लाँगवुड. अष्टकोनी, वर घुमट. हॅलर नट नावाच्या मळेवाल्याने १८६० मध्ये बांधायला घेतला, पुढच्या वर्षी उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध पेटलं आणि फिलाडेल्फियाहून आलेले सुतार हत्यारं टाकून घरी निघाले. तळमजल्यातल्या नऊ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. वर आजही नुसत्या उघड्या विटा आणि तुळया. नट तिथेच १८६४ मध्ये गेला.

या हॅलरचा बाप, डॉ. रश नट, आपल्या कामाचा माणूस. जवळच्या रॉडनी गावात त्याने मेक्सिकन बियाण्यावरून ‘पेटिट गल्फ’ नावाचं वाण काढलं. बोंड मोठं, चांगलं उमलणारं, वेचायला सोपं. तुझ्यामाझ्यासारख्याला वाटेल, चला, वेचणाऱ्याचे कष्ट कमी झाले. झालं उलटं. बोटं लवकर चालतात म्हटल्यावर रोजची बांधलेली वेचणी वाढली. संध्याकाळी जिनाच्या घरात काटा व्हायचा. एकेकाची टोपली लावायची, मुकादम आकडा लिहून घ्यायचा, ठरल्यापेक्षा कमी भरली तर तिथेच पाठीवर चाबूक. आणि जास्त भरली तर? तर उद्यापासून त्याचा आकडा तेवढा धरायचा धोका. म्हणून काट्याकडे जाताना माणसाला कमीचीही भीती आणि जास्तीचीही. आपल्याकडे किलोमागे वेचणी देतात, काट्यावर बायका मापाड्याशी भांडतात. ते भांडण किती मोठी गोष्ट आहे, हे मला नॅचेझला कळलं.

आता मुख्य जागा. गावाच्या पूर्वेला मैलभरावर दोन रस्ते मिळतात, तिथे गुलामांचा बाजार होता, फोर्क्स ऑफ द रोड. दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल मोठा. आता तिथे गवताचा तुकडा, चार माहितीच्या पाट्या आणि जमिनीतल्या काँक्रीटमध्ये रुतवलेल्या लोखंडी बेड्या. शेजारून गाड्या भरधाव जातात. २०२१ पासून जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. तोवर कोणाला घाई नव्हती.

माल यायचा कुठून? आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी. पण व्हर्जिनिया, मेरीलँडच्या तंबाखूच्या जमिनी थकल्या होत्या, तिथे माणसं ‘जादा’ झाली होती, आणि इथे कापसाला हात पुरत नव्हते. आयझॅक फ्रँकलिन आणि जॉन आर्मफील्ड यांनी १८२८ मध्ये भागीदारी केली. आर्मफील्डने आज व्हर्जिनियात असलेल्या अलेक्झांड्रियाला बसून खरेदी करायची, फ्रँकलिनने नॅचेझ आणि न्यू ऑर्लिन्सला विक्री. काही माणसं त्यांच्या स्वतःच्या जहाजांतून यायची, बाकीची पायी. पुरुष जोडीजोडीने बेडीत, हजार मैल. यादवी युद्धापर्यंत असे सगळे व्यापारी आणि स्थलांतर करणारे मळेवाले मिळून सुमारे दहा लाख माणसं जुन्या राज्यांतून खाली दक्षिणेत आणली गेली.

फोर्क्सवर लिलाव नसे. माणसं नव्या कपड्यांत ओळीने उभी करायची. गिऱ्हाईक ओळीतून फिरणार, दात बघणार, बोटं वळवून बघणार, पाठ उघडी करून वळ मोजणार. वळ जास्त म्हणजे माणूस ऐकणारा नाही, भाव उतरला. मग व्यापाऱ्याला बाजूला घेऊन घासाघीस. आदल्या आठवड्यात त्यांना पोटभर खाऊ घातलेलं, अंगाला तेल चोपडलेलं, पिकल्या केसांना काळं लावलेलं. वरच्या थरात पांढरीशुभ्र रुई आणि पोटात कवडी, म्हणजे किडका कापूस, भरून आणणारे तू जन्मभर पकडत आलास. तीच नजर इथे माणसांवर चाले.

बाजार आधी गावातच होता. १८३३ मध्ये कॉलरा आला, आणि फ्रँकलिनने मेलेल्या गुलामांना रात्रीतून एका घळीत उथळ पुरल्याचं उघडकीस आलं. गाव खवळलं. ठराव केला की व्यापाऱ्यांनी गावाच्या हद्दीत गुलाम ठेवायचे नाहीत. हद्द संपते तिथेच मग फोर्क्सचा बाजार वाढला. गिऱ्हाईकं तीच, त्याच गावची.

पण मला खरा हादरा बसला तो एका उधारीच्या खटल्याने. मिसिसिपीच्या १८३२ च्या राज्यघटनेत कलम होतं की १ मे १८३३ नंतर विक्रीसाठी बाहेरून गुलाम आणायचे नाहीत. दयाबिया नाही हं. राज्याचा पैसा व्हर्जिनियाला जातोय आणि बंडाची धास्ती आहे, एवढंच. कलम कोणी पाळलं नाही. भाव तेजीत, बँका कर्ज द्यायला उतावीळ. नॅचेझमध्ये तर १८३० पासून ‘प्लँटर्स बँक’ नावाचीच बँक होती. लोक वचनचिठ्ठ्या लिहून माणसं घेत होते, तीच माणसं गहाण टाकून आणखी जमीन घेत होते. १८३७ मध्ये मंदी आली, कापूस कोसळला, आणि देणेकऱ्यांना एकदम घटना आठवली! सौदाच बेकायदेशीर, मग पैसे कसले? प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. विकणाऱ्याच्या बाजूने हेन्री क्ले आणि डॅनियल वेबस्टर, म्हणजे त्या काळचे देशातले सगळ्यात नावाजलेले दोन वक्ते. १८४१ मध्ये निकाल लागला: कलमाला कायद्याची जोड नव्हती, सबब चिठ्ठी खरी, पैसे भरा. सगळा खटला उधारीचा. विकलेल्या माणसांचं त्यात काय व्हायचं, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच.

न्यू ऑर्लिन्सचा अडत्या अडीच टक्के अडत कापायचा, पिकाच्या भरवशावर उचल द्यायचा, व्याज लावायचा. सुरेश, यातलं एकही पान तुला परकं वाटणार नाही. बुडालेल्या मळेवाल्याचे बैल लिलावात निघतात तशी तिथे माणसं निघायची, आई एकीकडे आणि पोर दुसरीकडे.

एक माणूस मात्र कुठल्याच खणात बसत नाही. विल्यम जॉन्सन, गावातला न्हावी. गुलाम म्हणून जन्मला, १८२० मध्ये सुटका झाली, गोऱ्यांच्या दाढ्या करून, व्याजाने पैसे देऊन घर बांधलं. ते स्टेट स्ट्रीटवर अजून उभं आहे. १८३५ पासून मरेपर्यंत त्याने रोजनिशी लिहिली. आणि याच्याकडे स्वतःचे गुलाम होते. स्टीव्हन नावाचा एक दारूपायी हाताबाहेर गेला, तेव्हा जॉन्सनने त्याला विकला आणि त्या दिवशी डोळ्यांत पाणी आल्याचं लिहून ठेवलं. तरी विकलाच. १८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीवरून बेलर विन नावाच्या शेजाऱ्याने त्याला गोळी घातली. पाहणारे साक्षीदार काळे, आणि विन स्वतःला गोरा म्हणवत होता. काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही, विन सुटला.

जुलै १८६३ मध्ये उत्तरेच्या फौजा गावात शिरल्या. त्याच वर्षी फोर्क्सवरच्या खोल्या पाडल्या गेल्या. पाडणारे काळे शिपाई होते, त्यांतले कित्येक कालपरवापर्यंत गुलाम. लाकूड छावणी बांधायला वापरलं.

नेमकं तेव्हाच आपल्याकडे काय चाललं होतं, ते तुला सांगायला नको. इथला कापूस अडला म्हणून मुंबईत सोन्याचा पूर, दलाल प्रेमचंद रायचंद, शेअरबाजाराचं वेड, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये दिवाळं. वऱ्हाडात पऱ्हाटी पसरली ती त्याच सुमारास. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेचं उद्घाटन करायला आला, त्यामागे हाच धागा. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना. आपल्या कापूसवाल्यांनी मात्र त्या युद्धाचे फक्त भाव वाचले, असं मला वाटतं.

आणि धागा त्याच्याही आधीचा आहे, तोच मला नवा होता. ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन बेल्स नावाच्या अधिकाऱ्याला इकडे पाठवून दहा मळेवाले पगारावर नेले, मिसिसिपी आणि आसपासच्या भागातले. १८४० मध्ये ते सरकी आणि जिन घेऊन हिंदुस्थानात उतरले; तिघे मुंबई इलाख्याच्या वाट्याला आले. हे लोक चाबकाच्या धाकावर शेती करायला शिकलेले. आपला कुणबी स्वतःच्या वावरात, स्वतःच्या मर्जीने पेरणारा. बहुतेक ठिकाणी त्यांचं काही जमलं नाही. धारवाडला मात्र न्यू ऑर्लिन्सचं बियाणं रुजलं, आणि ‘धारवाड-अमेरिकन’ म्हणून बाजारात चाललं.

तुझे काका हुबळीच्या पेढीवर होते ना? त्यांना विचारून ठेव, त्यांच्या वेळी हा माल कोणत्या प्रतीत धरायचे आणि धागा कसा होता. दिवाळीत येतोय, तेव्हा सविस्तर ऐकायचंय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. यंदा सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी कधी सुरू होतेय तेही कळव.

तुझा,
अनिल