सूचना : निवडणूक झाली, आता अंदाजपत्रक

सभासदहो, जानेवारी २०२६ च्या मतदानाची शाई केव्हाच गेली. मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेत प्रशासक होते, आता सभागृहात पुन्हा १६५ नगरसेवक आहेत. आपल्या विचाराचे किती आले, यावर चहा पिऊन झालाय. तो विषय इथे पुरे.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला सारसबागेच्या फाटकाशी जमायचं आहे. टेप आणि खडू आणा. प्रभागातले फूटपाथ चालत मोजायचेत: कुठे विजेचा डीपी बॉक्स आडवा, कुठे उतार नाही, कुठे ब्लॉक उखडून नुसती खडी. शहराचं पादचारी धोरण २०१६ चं आहे, तेव्हा आपण नवीन काही मागतच नाही. एकदा अंदाजपत्रक मुख्य सभेत मंजूर झालं की वर्षभर ‘तरतूद नाही’ हेच ऐकावं लागतं, म्हणून ही घाई.

आपल्या प्रभागात चार नगरसेवक, म्हणजे ‘ते माझ्याकडे येत नाही’ हे चारदा ऐकायची तयारी ठेवा. या मोजणीचं निवेदन चौघांनाही द्यायचं, क्षेत्रीय कार्यालयातही. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे पोच नव्हे. पक्षाची उपरणी घरीच ठेवा. येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं.