लाँचवाल्या आबांना, उशिरा का होईना, थँक्यू

आबा, तुमच्या फोनला रेंज येते ती धक्क्यावरच्या त्या एकाच दगडावर, त्यामुळे हे तुमच्या नातवाने वाचून दाखवलं तरच तुमच्यापर्यंत पोचेल.

मे महिन्यात बामणोलीला आलो तेव्हा तुम्हाला वाटलं मी पण वासोटा किल्ल्याचंच गिऱ्हाईक. मग मी आजीच्या धरणात गेलेल्या गावाचं नाव घेतलं आणि तुम्ही थेट विचारलंत, "कुणातला रं तू?" आडनाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं, त्यांच्या थोरल्या भावाचं सांगितलं, तेव्हा कुठे तुमची खात्री पटली. आधार कार्डला पण एवढी चौकशी नव्हती झाली.

खरं सांगू, कोयनेबद्दल मला शाळेतलं तेवढंच माहीत होतं. महाबळेश्वरला उगम, १९५४ ला धरणाचं काम सुरू, शिवसागर जलाशय, वीज, बास. त्या पाण्याखाली कुणाची पडवी होती, भाताच्या रोपांसाठी कुणाचा राब कुठल्या बाजूला भाजायचे, हे तुम्ही लाँच चालवता चालवता बोट दाखवून सांगत होतात आणि मला दिसत होतं नुसतं पाणी. आजी म्हणायची "उंबराखालचं वावर", मला वाटायचं म्हातारी उगीच काहीतरी आठवतेय. तुम्ही उंबर म्हणताच इंजिन बंद केलंत आणि म्हणालात, ह्याच्या खाली.

सदुसष्टचं पण तुमच्याकडूनच कळलं. म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पुस्तकात होता हो, पण पाणी आलं म्हणून वर डोंगरात सरकून नवीन घर बांधलेलं आणि ते चारपाच वर्षांत पहाटेच्या अंधारात पडलं, हे कुठल्या पुस्तकात असणार? वर तुमचं ते हसत हसत बोलणं, की कोयनाबाईनं कराडला जाऊन कृष्णेला भेटायचं, तर तिचं बरंचसं पाणी विजेसाठी बोगद्यातून पोफळीला उतरवून कोकणातल्या वाशिष्ठीत सोडलं, आणि आमच्या वाडीवर लाईट आली तेव्हा मी लग्नाचा झालो होतो. वासोट्याला जाणारे जावळीच्या मोऱ्यांचा इतिहास विचारतात, आमचा कुणी विचारत नाही, हे पण म्हणालात. हे मला लागलं, कारण मीही तिशी ओलांडेपर्यंत विचारलं नव्हतं.

पण थँक्यू मुख्य ते मातीसाठी. आजीने मूठभर माती आणायला सांगितलेली. पाणी उतरलेलं, जोत्याचे दगड उघडे पडलेले, मी लगेच भेगाळलेल्या चिखलाचं एक ढेकूळ उचलून पिशवीत टाकलं आणि फोटो काढायला लागलो. तुम्ही पिशवी हिसकावून घेतलीत. "त्यो गाळ हाय रं. साठ वरसं पानी आनतंय वरनं. तुझ्या आजीची माती खाली हाय." मग लाँचमधून फावडं आणून, त्या उन्हात, ह्या वयात, माझ्या हातात फावडं न देता (मी दोनदा मागितलं, तुम्ही ऐकलं नाही) ढोपरभर खणलंत, रंग बदलून तांबडी लागेपर्यंत. डिझेलचे पैसे पण घेतले नाहीत. गावातल्या माणसाकडून कसले पैसे, म्हणालात. मी तर त्या गावात एक रात्र पण राहिलेलो नाही आबा.

आजी तिथनं उठून सोलापूरकडे गेली ती विशीत. भात-नाचणीचा हात, आणि समोर काळं रान नि ज्वारी. तिथलं पीक तिला जमलं, पाऊस नाही जमला, अजून म्हणते हा काय पाऊस आहे का. माती दिली तर मला वाटलं रडेल, देव्हाऱ्यात ठेवेल. तसलं काही नाही. चिमटीत घेऊन चोळून बघितली आणि विचारलं, "नाचनी हाय का घरात?" डाळडब्यातली नाचणी निघाली, तेलाच्या कापलेल्या कॅनमध्ये खाली इथली माती नि वर तुमची, गॅलरीत ठेवलंय. जूनच्या शेवटाला टाकली होती. आता वीतभर झालीय, दाट आलीय म्हणून आजी रोज मला रोपं उपटायला लावते आणि चुकीची उपटली की ओरडते.

फोटो नातवाच्या नंबरवर पाठवलाय. दिवाळीनंतर आजीला घेऊन येतोय, पाणी भरलेलं असेल, काही दिसणार नाही हे तिला सांगून झालंय, तरी यायचंच म्हणते. लाँचमध्ये तिला बसायला एक खुर्ची लागेल आबा, गुडघे वाकत नाहीत. आणि ह्या वेळी डिझेलचे पैसे घ्यायचे.