प्रयोग मुलांच्या हातात द्या, उत्तर खिशात ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लहान मुलांना हाताने करून विज्ञान शिकवण्यावरचा लेख वाचला. विषय घेतलात ते चांगलंच केलंत, पण लेखात सगळा भर सामानावर होता, कुठलं किट आणायचं, कुठल्या वयाला कुठली ॲक्टिव्हिटी वगैरे. मला वाटतं सामानावाचून फारसं अडत नाही हो, अडतं ते आपल्या तोंडामुळे. आपण मोठी माणसं उत्तर फार लवकर सांगून टाकतो, आणि एकदा ते सांगितलं की पोराच्या हातातल्या वस्तूला काही अर्थ उरत नाही, ते आपलं म्हणणं खरं निघालं एवढंच बघतं आणि मान डोलावतं.

ज्वालामुखीचंच घ्या. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फेस भसाभस वर येतो, टाळ्या, फोटो, संपलं. यातून मूल काय शिकलं? ज्वालामुखीबद्दल तर काहीच नाही, कारण खऱ्या ज्वालामुखीत सोडा आणि आम्ल एकत्र येऊन स्फोट होत नाही, तिथे वितळलेल्या खडकात विरघळलेली पाण्याची वाफ आणि बाकीचे वायू जोर लावतात. त्याच सामानातून खरं काही करायचं असेल तर डोंगर सोडा, बाटलीत व्हिनेगर घ्या, फुग्यात सोडा भरा आणि फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून उलटा करा. फुगा कार्बन डायऑक्साईडने फुगतो. मग विचारा, दुप्पट सोडा टाकला तर दुप्पट फुगेल का? मुलं हो म्हणतात, करून बघतात, आणि एका टप्प्यानंतर सोडा कितीही टाकला तरी फुगा आणखी फुगत नाही कारण व्हिनेगरच संपलेलं असतं. हे त्यांना स्वतःला सापडू दे की, आपण कशाला सांगायचं.

हे मी नुसतं मनाने म्हणत नाहीये. 2011 मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच खेळण्यात बऱ्याच गमती लपवलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने मुद्दाम "हे बघ, हे खेळणं असं चालतं" म्हणून एकच गंमत दाखवली, काहींसमोर तीच गंमत चुकून घडल्यासारखी दाखवली. ज्यांना मुद्दाम शिकवलं त्यांनी बाकीच्या गमती कमी शोधल्या, खेळणं लवकर सोडून दिलं. आणि मुलांचं तरी काय चुकलं, शिकवणाऱ्याने एकच दाखवलं म्हणजे एवढंच असणार असं त्यांना वाटलं, जे तसं शहाणपणाचंच आहे.

माझा आवडता खेळ म्हणजे तरंगतं की बुडतं. पाण्याची बादली आणि घरातल्या दहापाच वस्तू, बस. फक्त एक नियम, पाण्यात टाकण्याआधी अंदाज सांगायचा आणि का ते पण सांगायचं. चार-पाच वर्षांची बरीच मुलं म्हणतात जड बुडतं, हलकं तरंगतं. लगेच "नाही रे बाळा, ते घनतेवर असतं" म्हणू नका, घनता त्याच्या डोक्यावरून जाते. त्याऐवजी एक बारीक खडा द्या आणि एक मोठा लाकडाचा ठोकळा द्या. खडा बुडतो आणि ठोकळा तरंगतो, मूल गोंधळतं, मग नवीन नियम काढतं, दगड बुडतो लाकूड तरंगतं. ठीक आहे, आता क्लेचा गोळा टाका, बुडाला. तोच गोळा काढून त्याची होडी करायला सांगा, एक कणभरही कमी न करता. तरंगते! आता दगड-लाकूडवाला नियम पण गेला, म्हणजे आकाराचं काहीतरी आहे. इथपर्यंत यायला एक दुपार लागेल किंवा महिना लागेल, लागू दे. तो नियम पाठ होतो की नाही याला माझ्या लेखी काही किंमत नाही, आपला नियम मोडला म्हणून रडारड न करता मूल दुसरा शोधायला लागतं ना, मला तेच हवंय.

बर्फाचा पण एक करून बघा. सारख्या मापाचे दोन खडे घ्या, एक ताटलीत उघडा ठेवा आणि एक लोकरीच्या मोज्यात गुंडाळा. आधी कुठला वितळेल? मुलं (आणि खरं सांगायचं तर काही पालक पण) मोज्यातला म्हणतात, कारण लोकर गरम असते. थोड्या वेळाने बघा, मोज्यातला जास्त टिकलेला असतो. आता तोंड बंद ठेवायचं, हाच सगळ्यात अवघड भाग. एवढंच विचारा, मग स्वेटर घातल्यावर आपल्याला गरम का वाटतं? मूल दोन दिवसांनी काहीतरी भलतंच उत्तर घेऊन येईल आणि त्यावर बोलायला मजा येईल.

तोंड बंद ठेवण्यावरून आठवलं, मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गात हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलं मोठी, विचार केलेली उत्तरं देतात. वर्गात शांत उभं राहून बघा, तीन सेकंद केवढे वाटतात ते कळेल.

आणि उत्तर आधी सांगण्याचा अजून एक तोटा म्हणजे कधीकधी आपलंच उत्तर चुकीचं असतं. पाण्याच्या ताटात पेटती मेणबत्ती, वर उलटा ग्लास, मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. कितीतरी ठिकाणी लिहिलेलं असतं की ऑक्सिजन संपला म्हणून त्याच्या जागी पाणी आलं. नीट बघा, पाणी बरचसं चढतं ते ज्योत विझल्यावर! कारण ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी बुडबुड्यांतून बाहेर पण जाते, मग थंड होताना आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. त्याच ग्लासखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी जास्त चढतं, ऑक्सिजन तर तेवढाच होता ना? मेणबत्ती अर्थात मोठ्यांनीच पेटवायची. तुमच्या पुरवणीत असे प्रयोग छापता तेव्हा माझी विनंती आहे, कृती आणि प्रश्न छापा, उत्तर पुढच्या आठवड्यात छापा, मधल्या काळात मुलांचे अंदाज मागवा.

आता कोणी म्हणेल मग शिकवायचंच नाही का, पोरांना सोडून द्यायचं? तसं नाही. काही गोष्टी सांगाव्याच लागतात, उदाहरणार्थ एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांच्या 2004 च्या अभ्यासात तिसरी-चौथीच्या मुलांना ही पद्धत सरळ शिकवली तेव्हा ती जास्त मुलांना जमली, नुसतं स्वतः शोधायला सोडलेल्यांपैकी कमी जणांना. म्हणजे बघायचं कसं ते खुशाल शिकवा, काय दिसेल ते नका सांगू.

सामानाबद्दल मात्र एक गोष्ट तुमच्या लेखात हवी होती. छोट्या मुलांच्या किटमध्ये नाण्यासारखे चपटे बटन सेल आणि बारीक ताकदवान चुंबक असतील तर ते आधी बाजूला काढा. बटन सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत गंभीर भाजू शकते, आणि दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मधे चिमटतं. मूल काही गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखान्यात न्या. बल्ब पेटवायचा असेल तर दीड व्होल्टचा मोठा साधा सेल वापरा, एक बल्ब आणि एकच वायर द्या. जोडणी दाखवू नका.

आपला,
एक नियमित वाचक