स्कूबा आणि परतीचे विमान एकाच दिवशी: सहलीच्या आखणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: समुद्रकाठच्या साहस व स्थलदर्शन सहलीचा परस्पर बदललेला क्रम, त्यामुळे रद्द झालेले स्कूबा डायव्हिंग आणि नाकारलेला परतावा.

महोदय / महोदया,

मी, माझे पती, धाकटे दीर आणि आमची मुलगी नुकतेच आपल्या कंपनीमार्फत समुद्रकाठच्या गावी एका छोट्या सहलीला जाऊन आलो. ही सहल आम्ही घेतली ती मुख्यतः स्कूबासाठी आणि तेच झाले नाही. त्याचे पैसे मागितले, तेव्हा ‘प्रवाशांनी ऐनवेळी स्वतःहून नकार दिला, सबब परतावा देय नाही’ असे उत्तर आपल्या कार्यालयाकडून आले. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही. काय घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण प्रश्न केवळ पैशांचा नाही.

बुकिंगच्या वेळी मिळालेल्या कार्यक्रमपत्रिकेत स्कूबा पहिल्या दिवशी होते, पॅरासेलिंग आणि बेटावरचा किल्ला त्यानंतर, आणि शेवटची सकाळ मोकळी ठेवून दुपारचे विमान. तो क्रम पाहूनच आम्ही विमानाची तिकिटे काढली. गावात पोहोचलो आणि मोबाइलवर निरोप आला की बोटीच्या उपलब्धतेनुसार क्रम बदलला आहे, बाकी सर्व गोष्टी त्याच राहतील. आम्हाला कोणी विचारले नाही. स्कूबा शेवटच्या सकाळी गेले आणि विमान मात्र त्याच दुपारचे राहिले.

त्या सकाळी आम्ही वेळेवर धक्क्यावर हजर होतो. डायव्हिंगच्या प्रशिक्षकांनी प्रकृतीची माहिती भरण्याचे अर्ज हातात दिले आणि सहज विचारावे तसे विचारले, “परत कसे जाणार? विमानाने? किती वाजता?” मी वेळ सांगितली. त्यांनी आमचे अर्ज परत घेतले. “मग आज मी तुम्हाला पाण्याखाली नेणार नाही. हा क्रम लावला कोणी?” आपले स्थानिक प्रतिनिधी शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या पतींना चार पावले बाजूला नेले आणि खालच्या आवाजात सांगितले, “सर, विमान उद्याचं आहे असं लिहा ना. पाण्यात थोडाच वेळ असता, रोज लोक करतात, कुणाला काही होत नाही.” मी मागेच उभी होते, त्यामुळे हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. या तक्रारीतली सर्वांत गंभीर गोष्ट मी हीच मानते.

असे खोटे लिहिले असते तर काय होऊ शकले असते, हे सहली आखणाऱ्या कंपनीला ठाऊक असायलाच हवे. पाण्यात दर 10 मीटर खाली गेले की साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये असते ती दाबाने भरलेली हवा. (आपल्या माहितीपत्रकात ‘ऑक्सिजन सिलिंडर’ असे छापले आहे, तेही चूक आहे.) त्या हवेतला नायट्रोजन वाढत्या दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो, त्याला काही तास लागतात. तेवढ्यात माणूस विमानात बसला, तर तिथला हवेचा दाब जमिनीपेक्षा बराच कमी, म्हणजे जवळपास 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. अशा वेळी शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. त्याने सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, चक्कर येते, गंभीर प्रकारात मज्जारज्जूला इजा होते. त्यावर उपचार म्हणजे ऑक्सिजन देणे आणि रुग्णाला विशेष दाबकक्षात ठेवणे, आणि असा कक्ष गावोगावी नसतो. विमानात हा त्रास सुरू झाला असता, तर आम्ही कोणाकडे धावलो असतो?

म्हणूनच डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे की एकच साधी डाइव्ह केली असली तरी विमानप्रवासापूर्वी किमान 12 तास जाऊ द्यावेत, आणि एकाहून अधिक डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18. नवख्यांना फार खोल नेत नाहीत, असे आपण म्हणाल. ते खरे आहे, पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या पहिल्या अनुभवाच्या डाइव्हची मर्यादा 12 मीटर आहे. पण म्हणून विमानापूर्वीची विश्रांती माफ होत नाही. आमच्या हातात 12 तास सोडाच, त्याच्या निम्मेही नव्हते.

तेव्हा नकार आम्ही दिला, असे आपण कशाच्या आधारावर म्हणता? पाण्यात न्यायला नाही म्हटले ते प्रशिक्षकांनी, आणि ते बरोबरच होते. त्यांना तसे म्हणावे लागले, कारण आपण क्रम बदललात. पॅरासेलिंगला अशी कोणतीही अट नाही, तेच शेवटच्या सकाळी ठेवून स्कूबा आधी उरकता आले असते. एवढा विचार करायला कोणतीही जास्तीची बोट लागत नव्हती.

याच अर्जाबद्दल आणखी एक. माझ्या दिरांना दम्याचा त्रास आहे. डायव्हिंगपूर्वीच्या प्रश्नावलीत दम्याचा प्रश्न असतो आणि उत्तर ‘होय’ असेल तर डॉक्टरांची लेखी संमती लागते. म्हणजे विमानाचा प्रश्न नसता तरी ते धक्क्यावरूनच परत फिरले असते. अर्ज बुकिंगबरोबर पाठवला असता तर हे घरीच कळले असते.

किल्ल्याचेही तसेच झाले. बोट ‘सकाळी 10 वाजता’ सुटेल असे पत्रिकेत छापलेले आहे आणि ते सर्व तारखांना तेच आहे. भरती-ओहोटीची वेळ मात्र रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आम्ही गेलो तो अमावास्येचा दिवस होता आणि पाणी नेहमीपेक्षा खूप आत ओसरले होते. किल्ल्याच्या धक्क्यापाशी खडक उघडे पडले होते, शेवाळलेल्या पायऱ्यांच्या तळाशी हातभरही पाणी नव्हते. तांडेलांनी बोट लावायला नकार दिला, आणि त्यांचेही बरोबर होते. आम्ही बेटाला एक फेरी मारून, तटबंदी लांबून पाहून परतलो. आपल्या नोंदीत मात्र ‘किल्ला दर्शन पूर्ण’ असे लिहिले आहे. भरती-ओहोटीची वर्षभराची कोष्टके आधीच प्रसिद्ध होतात. ती पाहून बोटीची वेळ ठरवणे हे सहल आखणाऱ्याचे काम आहे, ते तांडेलांवर ढकलू नये.

याच बोटीत मुलीला मोठ्यांचे लाइफ जॅकेट दिले गेले. बुकिंगच्या वेळी तिचे वय आणि वजन दोन्ही लिहून घेतले होते. जॅकेट खांद्यांशी धरून वर उचलले की ते तिची हनुवटी ओलांडून नाकापर्यंत येत होते. अशा जॅकेटमधून मूल पाण्यात सहज निसटते. तांडेलांनी शेजारच्या बोटीतून लहान मापाचे आणून, पट्टे स्वतः आवळून दिले, म्हणून आम्ही निघालो. त्यांचे आणि त्या प्रशिक्षकांचे आभार आपणही मानावेत. या सहलीत आमच्या जिवाची काळजी या दोघांनीच केली.

माझी मागणी अशी. चौघांच्या नावावर घेतलेले स्कूबाचे आणि किल्ल्याच्या फेरीचे पूर्ण पैसे परत करावेत. आपल्या नोंदीतला ‘प्रवाशांनी नकार दिला’ हा शेरा काढून टाकून तसे मला लेखी कळवावे. अर्जावर खोटी तारीख लिहायला सांगण्याच्या प्रकाराची चौकशी व्हावी. ती करताना त्या प्रतिनिधीला एकट्याला दोषी धरून प्रकरण मिटवू नये, क्रम बदलण्याचा आदेश त्याला कार्यालयातूनच आला होता आणि तो निरोप माझ्याकडे आहे. आणि पुढच्या प्रत्येक तुकडीसाठी, ज्यांचे परतीचे तिकीट विमानाचे आहे त्यांचे स्कूबा प्रवासाच्या आदल्या दिवशी किंवा त्याआधीच ठेवावे. ही शेवटची अट मला परताव्याइतकीच महत्त्वाची वाटते. पुढच्या वेळी त्या धक्क्यावर दुसरा, कमी काटेकोर प्रशिक्षक उभा असू शकतो.

मूळ कार्यक्रमपत्रिका, बदलाचा निरोप, विमानाची तिकिटे आणि आपल्या कार्यालयाचे उत्तर यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावे, अन्यथा मी ग्राहक न्यायालयात दाद मागेन. याआधी फोनवर मिळालेली आश्वासने पाळली गेली नाहीत, त्यामुळे यापुढचा व्यवहार कृपया ईमेलनेच करावा.

आपली,
तक्रारदार प्रवासी

सोबत: वर उल्लेखलेल्या कागदपत्रांच्या प्रती